व्हरांड्यातला चहा आणि आमचे बोंबील

पालघरकडच्या दांडीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांत, मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. साठ सालानंतरची गोष्ट. वर्षातले अकरा महिने तो बंद असे, चावी माझ्या आईकडे. वडील नव्हते. ती बंगला झाडायची आणि त्याबदल्यात समोरच्या वाळूत बोंबील वाळवायची. बांबूंना दोऱ्या बांधायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे. अट एकच, मे महिन्यात मालक आले की दोऱ्या काढायच्या. पाहुण्यांना वास सोसत नसे.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शेजारच्या पोरांच्या पाटीवरून उचलली, वाचायला शिकले ती बंगल्यातली पुस्तकं झटकता झटकता. त्यात रशियन गोष्टींचं एक मराठी पुस्तक होतं. त्यांच्याकडेही शहरातली माणसं उन्हाळ्यात गावच्या घरी यायची, व्हरांड्यात चहा प्यायची, सगळं बदललं पाहिजे म्हणायची आणि खुर्चीतून काही उठायची नाहीत. म्हटलं, हा तर आपलाच बंगला! गोष्टीतल्या घराजवळ नदी होती, म्हणून मी पानोपानी शोधलं, बाया मासे कुठे वाळवतात. हसू नका. पाण्याकाठी घर म्हणजे मासळी वाळत असणारच, असं मला खरंच वाटायचं.

एका वर्षी मालक आठवडाभर आधीच आले. बोईसरहून टांगा आला तेव्हा दोऱ्या भरलेल्या, बोंबील ओलेकच्च. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा तेच आमचं कालवण. आई व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली.

“बायसाहेब, दोन दिस ऱ्हाऊ द्या. ओले हायेत, काढले तर कुजतील.”

बाई वाईट नव्हत्या, खोटं का सांगू. “अहो मावशी, मला कळतं हो. पण पाहुणे आलेत ना.”

खुर्चीतले एक गृहस्थ गरिबांच्या प्रश्नावर बोलत होते. आई बाजूला होईपर्यंत थांबले, मग पुढे बोलू लागले.

परतताना आई म्हणाली, “वास येतो म्हनं! ताटात तळून पडला की नाय येत, ना?” मी हसले. ती हसली नाही.

आमच्या अंगणात वारा नव्हता. मावले तेवढे टांगले, बाकीचे तिसऱ्या दिवशी तिने माडाखाली पुरले. मग ओटीवर बसून म्हणाली, “वाच तुजी ती गोष्ट.” बंगल्यातून आणलेलं ते पुस्तक घेऊन मी वाचली.

“त्यांना चहा कोन देतं गं?”

मी पान शोधलं. लिहिलं होतं, चहा आला.

“आला? आपल्या पायानं?”

त्या पावसाळ्यात भातावर चिंचेचं पाणीच होतं. पुढे पालघरच्या वाचनालयातून मी तसल्या घरांच्या पुष्कळ गोष्टी आणल्या. लिहिणाऱ्यांना सगळं दिसत होतं, असं आता वाटतं. ते घर म्हणजे त्यांचा अख्खा समाजच, काही वर बसलेले, काही पायरीशी उभे. तरी चहाची ओळ आली की मी थांबतेच.

पुढच्या वर्षी आईने दोऱ्या लांब, खडकांपलीकडे बांधल्या. मालक आले तेव्हा चावी देऊन मला पाठवलं.

“मावशी नाही आल्या?” बाईंनी विचारलं.

“आई बोंबील वाळत घालतेय,” मी म्हटलं, आणि चावी व्हरांड्यात त्यांच्या थर्मासच्या चहाच्या कपबशीशेजारी ठेवून आले.