खुराकाला खाडा नाही

शिवाजी पेठेत थंडाई घोटावी तर गुंडू वस्तादांनीच. दगडी कुंडी दोन पायांत धरून ते बदाम घोटायला बसले की तासभर मान वर करायचे नाहीत. स्वतःची कुस्ती म्हणाल तर बेताचीच. चार गावच्या मैदानांपलीकडं नाव गेलं नाही. पण दुसऱ्याच्या अंगी अन्न कसं लावायचं, हे त्या माणसाला जेवढं कळायचं तेवढं तालमीत कुणालाच कळत नव्हतं. कोण कोमेजलंय, कुणाचं पोट बिघडलंय, कोण घरनं भांडून आलंय, हे ते पेल्यात उरलेल्या थंडाईवरून सांगायचे. नियम एकच: खुराकाला खाडा नाही. ताप येऊ दे, घरात लग्न निघू दे, पैलवानाचा पेला चुकता कामा नये. आणि वस्तादांनी पुढं केलेल्या पेल्यात काय आहे, हे विचारायची रीत तालमीत कधीच नव्हती.

क्रांती ही त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. तिला मातीत उतरवली तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. 'पोरीला पैलवान करून कुणाच्या गळ्यात बांधणार?' म्हणाले. वस्तादांनी त्यांना जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. विसाव्या वर्षी बासष्ट किलोत क्रांतीनं जिल्हा मारला. राज्याची निवड चाचणी आता तीन महिन्यांवर आली होती, आणि वस्तादांचा सगळा जीव त्या चाचणीत अडकला होता. आपल्याला जे जमलं नाही ते ही पोरगी करणार, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं.

पण सरावानंतर क्रांतीचं अंग मोकळं होईना. सकाळी जिना उतरताना ती कठड्याला धरायची. "आबा, बाकीच्या पोरी पावडर घ्यालत्यात," ती म्हणाली. "मार लवकर भरून येतोय म्हणं."

"माझ्या बदामाला काय धाड भरली?" वस्ताद खेकसले. पण दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीत शशिधरच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

शशिधर मूळचा जयसिंगपूरचा, लिंगायत घरातला, मिठास बोलणारा आणि व्यवहाराला चोख. दुकानभर बादलीएवढाले डबे, प्रत्येकावर फुगलेल्या दंडांची चित्रं. वस्तादांनी सगळ्यात मोठ्या डब्यावर बोट ठेवलं. "ह्यो दे."

"वस्ताद, त्यो वजन वाढवायचा हाय. त्यात साखरच लई," शशिधर म्हणाला. "क्रांतीला वजनात र्‍हायचं हाय न्हवं? ह्यो बारका घ्या. सील बघा, तारीख बघा. सरावानंतर एक चमचा, बास. आनि आदी तिचं रक्त तपासून घ्या. कमी काय हाय ते कळू दे, मग जीवनसत्त्वाचं बघू."

असा सल्ला देणारा दुकानदार शोधून सापडायचा नाही. रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी लिहून दिली. "आठवड्यातून एकच, दुधातून. आठ आठवडे. मग परत तपासू," असं बजावून सांगितलं.

वस्तादांनी ऐकलं नाही असं नाही. चांगलं दोन्ही कानांनी ऐकलं. पण आठवड्याला एक म्हणजे सहा दिवस खाडा! हे बिछान्यावर पडलेल्या माणसाचं प्रमाण, पैलवानाचं कसं असेल? जी पोरगी दिवसाला हजार बैठका मारते तिला आणि एखाद्या मास्तरला एकच माप? डॉक्टर शहाणा खरा, पण त्यानं लंगोट कुठं लावलाय, असा हिशेब त्यांनी मनाशी केला. तीच चिठ्ठी घेऊन ते चार वेगवेगळ्या औषधाच्या दुकानांत फिरले. रविवारची पुडी क्रांती आपल्या हातानं घ्यायची. उरलेल्या सहा दिवसांची वस्ताद थंडाईत घालायचे. तिला सांगितलं नाही. शिकलेली पोरगी, वाद घालत बसली असती.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात क्रांतीला सारखी तहान लागायला लागली. जेवण नको वाटायचं, पोट साफ होईना, सकाळी उलट्या. आई शालूबाई म्हणाली, "आवो, पोरगी उतरालीया. दवाखान्यात दावा की."

"खुराक कमी पडालाय," वस्ताद म्हणाले. दूध दोन लिटरवर नेलं. आणि ती जास्तच मलूल दिसली त्या दिवशी पुड्या दोन घातल्या. हाय रे देवा, आपल्या हातानं, वर वेलदोडा घालून.

चाचणी तीन आठवड्यांवर असताना क्रांती मॅटवर उभी होती ती तशीच खाली बसली. समोरच्या पोरीनं अजून हातसुद्धा लावला नव्हता. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. कॅल्शियम भलतंच वाढलंय, किडन्यांना मार बसलाय म्हणाले. "काय काय घेत होतीस?"

"पावडर. आनि रविवारची पुडी," क्रांती म्हणाली. तिला ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं.

"एका पुडीनं एवढं होत नाही. ड जीवनसत्त्व यंत्रात मोजता येईना इतकं चढलंय. पावडरीतच काहीतरी भेसळ असणार."

वस्ताद दारात उभे होते. त्यांना त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही. शालूबाई पदरात तोंड घालून रडत होती, आणि हा माणूस भिंतीला टेकून गप्प. एक दिवस गेला, दुसराही गेला. ज्या हातानं तीन पिढ्या पोसल्या, त्या हातानं पोटच्या पोरीला विष घातलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई म्हणाली, "तालमीतला सयाजी पोरं घिऊन राजारामपुरीला गेलाय. त्या दुकानवाल्याला सोडत न्हाय म्हणालाय."

वस्ताद पायात चप्पलही न घालता रिक्षात बसले. दुकानासमोर ही गर्दी. डबे रस्त्यावर फुटलेले, पांढरी पावडर गटारापर्यंत सांडलेली. सयाजी, सहा फुटी गडी, शशिधरची गचांडी धरून विचारत होता, "काय घातलाईस ह्यात? बोल की!" शशिधरच्या ओठातून रक्त येत होतं. तो परत परत एवढंच म्हणत होता, "सील बघा, तारीख बघा."

"सोड त्येला," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, तुमी मधी पडू नका. ह्यानंच—"

"ह्यानं न्हाय. मी." वस्ताद म्हणाले. "पुड्या मी घातल्या. रोज. डॉक्टर आठवड्याला एक म्हनलाता. मी रोज घातली थंडाईतनं. ह्येचा काय दोष न्हाय."

सयाजीचा हात आपोआप खाली आला. सयाजीही त्याच कुंडीतली थंडाई पिऊन वाढलेला. शशिधर गुडघ्यावर बसून फुटलेले डबे गोळा करायला लागला, तेव्हा वस्तादही त्याच्याशेजारी बसले.

"र्‍हाऊ दे वस्ताद," शशिधर म्हणाला. "तुमी पोरीकडं जावा."

गेले. पलंगाशेजारी उभं राहून सगळं सांगितलं, एकही पुडी लपवली नाही. क्रांती छताकडं बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मला एकदा इचारायचं हुतंसा, आबा." आणि तोंड भिंतीकडं केलं. तिची पाठ हलत होती. पाठीवर हात ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.

जीव वाचला, पण कुस्ती गेली. किडन्या निम्म्यानंच काम करणार, वजन तोडणं नको, झटापट नको, पाणी मोजून, औषध वेळेवर. घरी आल्यावर औषधाचं सगळं शालूबाईनं हातात घेतलं. वस्तादांना कुणी नको म्हणालं नव्हतं, तेच लांब राहायचे.

एके दिवशी शालूबाई बाजाराला गेलेली. क्रांतीनं हाक मारली, "आबा, चारची गोळी देतासा?"

वस्तादांनी पाकिटातली एक गोळी नावाच्या वेष्टनासकट कातरून काढली. चष्मा लावून पाकिटावरचं नाव डॉक्टरांच्या कागदाशी एकेक अक्षर ताडून बघितलं. तेवढ्यानं समाधान होईना. गोळी आणि कागद घेऊन शेजारच्या मोनाकडं गेले. ती कॉलेजात शिकणारी. "हीच हाय न्हवं गं? एकच न्हवं?" तिनं वाचून हो म्हटलं. जिन्यात थांबून शशिधरलाही फोन लावला. तोही हो म्हणाला. ह्यात अर्धा तास गेला.

घरात आले तर क्रांती भिंतीला धरून उभी होती. पाकीट तिच्या हातात होतं.

"घेतली मी, आबा," ती म्हणाली. "हितनं पुढं माझं मी घेत जाईन. तुमी नका तरास करून घिऊ."

आवाजात राग नव्हता. असता तर वस्तादांना सोपं गेलं असतं. ते तळहातावर गोळी घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले. क्रांती सावकाश मोरीपर्यंत गेली आणि आपला पेला आपणच विसळून पालथा घातला.