शेवयांच्या मशीनचा बुश

नगरच्या एमआयडीसीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि माझं तोंड, सगळं दिवसभर चालू असतं असं गिऱ्हाइकं म्हणतात. लोक काम घेऊन येतात आणि ते कशाचं करायचं हेही स्वतःच ठरवून येतात. त्यांच्या लेखी लोखंड म्हणजे मजबूत, पितळ म्हणजे भारी आणि प्लॅस्टिक म्हणजे खेळणं. मग माझी सटकते. भाग कशाशी घासणार, पाण्यात राहणार की तेलात, हे विचारल्याशिवाय मी रॉडला हात लावत नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर जामखेडकडच्या खेड्यातून एक मावशी आल्या. त्यांच्या बचत गटाचं शेवयांचं मशीन होतं. त्यांनी पिशवीतून आधी मूठभर वाळलेल्या शेवया काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्यातून केसासारख्या काळ्या रेघा गेल्या होत्या. मग त्यांनी मशीनचा पितळी बुश काढला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं. आतून पार झिजलेला.

"बाया पिठाचे डबे घेऊन माघारी चालल्यात," त्या म्हणाल्या. "वैशाखात नातीचं लगीन हाय. असल्या शेवया रुखवतात कशा मांडू? अन् दुसरीकडून करून आनल्या, तर आमच्या मशीनवर उद्या कोन येईल? ह्याच्यावानी नवा करून द्या. जाड पितळेचा."

मी त्यांना सांगितलं की पितळ कितीही जाड केलं तरी घासणारच. त्याची पूड वंगणाच्या तेलात मिसळते आणि ते तेल पिठात उतरतं. तेलच लागणार नाही असा पांढऱ्या प्लॅस्टिकचा बुश करू.

"लोकांच्या लेकरांच्या पोटात प्लॅस्टिक घालू?" मावशींनी विचारलं. "माझा सोऱ्या पितळेचाच हाय. त्यातून कदी काळं आलं न्हाई."

"मावशी, सोऱ्या वर्षातून दोनदा निघतो आणि घासूनपुसून माळ्यावर जातो. तुमचं मशीन दिवसभर गरगरतं."

मावशींनी बुश पुन्हा पिशवीत टाकला. माझं डोकं तापलं होतं, पण बाईचा प्रश्न खरा होता. खाण्याच्या जिनसाला कुठलंही प्लॅस्टिक चालत नाही. त्यात आमच्या बाजारात पांढरा दिसेल तो रॉड नायलॉन म्हणूनच विकतात. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. ओल्या पिठाशेजारी त्यानं शाफ्टला आवळून धरलं असतं. मला हवं होतं असिटाल नावाचं दुसरं प्लॅस्टिक, तेही खाण्यापिण्याच्या कामाला चालणारं. ते पाण्याला फारशी दाद देत नाही, पण दिसायला दोघं सख्खे भाऊ.

मी मावशींना थांबवलं. दोन्ही रॉडांची एकेक खुंटी काढली आणि दोन्ही सहज आरपार जातील असं स्टीलचं कडं केलं. नायलॉनच्या खुंटीला ओळखीसाठी खाच पाडली. म्हटलं, "घरी न्या. आठवडाभर गरम पाण्यात घाला, कणकेत पुरा, काय वाटेल ते करा. मग कड्यात घालून बघा. पटलं नाही तर पितळेचा करते आणि गप्प बसते."

गप्प बसणं मला जमलं नसतं, पण तशी वेळ आली नाही. आठवड्यानं मावशी आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी कडं पुढं धरलं. "खाचेची अडली बगा. दुसरी सुळकन जाती. तिच्या कनकेची चपाती करून खाल्ली म्या. वास न्हाई, काय न्हाई. हिचाच करा."

मी शाफ्ट नवा केला, स्टेनलेसचा, आरशासारखा घासून. असिटालचा बुश पितळेपेक्षा किंचित सैल ठेवला, कारण तापलं की प्लॅस्टिक जास्त फुगतं. तेलाचं भोक ठेवलंच नाही.

वैशाखात लग्नाचं बोलावणं आलं आणि मी गेले. रुखवतात मधोमध शेवयांचं ताट होतं. नवरदेवाच्या आईनं एक शेवई उचलून उजेडाला धरली.

"हातच्या हायत व्हय? मशीनच्या इतक्या साफ येत न्हाईत."

मावशी गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. हातच्या शेवयांचा मान मोठा असतो. पण त्या म्हणाल्या, "न्हाई इहीनबाई, आमच्या गटाच्या मशीनच्या." आणि मला कोपराला धरून पुढं ओढलं. "त्यातला बुश ह्या बाईनं केलाय. पितळेचा न्हाई, प्लॅस्टिकचा. का, ते इचारा तिला."

मग काय, भर मांडवात मी विहीणबाईंना नायलॉन आणि असिटालमधला फरक सांगितला. मोठमोठ्या कंपन्यांना पार्ट दिलेत मी, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता आणि तो मी लपवलाही नाही. माझं ऐकत उभी असलेली गावातलीच एक बाई मावशींच्या कानाला लागली. डबा घेऊन माघारी गेलेल्यांतली ती एक होती. उद्या पीठ घेऊन येऊ का, असं तिनं हळूच विचारलं.

मावशी म्हणाल्या, "ये की. पन नंबर लावावा लागंल."