डिकीवरचे हात

अडकलेली डिकी उघडायला दोन माणसं लागतात. एकानं पुढे बसून खटका ओढायचा, दुसऱ्यानं मागून झाकण दाबायचं. गॅरेजवाल्या काकांच्या गॅरेजात तीस वर्षं काकूच दाबायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं, पण काकांच्या जिभेची मेली सवय जाईना. आजही खटका ओढताना ते खेकसले, “दाब की गं! जेवली नाहीस का?”

खट्कन डिकी उघडली.

गाडीचा मालक तर रस्त्यापलीकडे फोनवर बोलत होता. काका मागे गेले. झाकणावरच्या धुळीत दोन तळहात उमटले होते. डावी करंगळी वाकडी, थेट काकूंसारखी.

मालक आला. काकांनी पुसायचं फडकं खिशात कोंबलं, हळूच डिकी लावली.

“अजून अडकतेय,” ते म्हणाले. “राहू द्या गाडी दोन दिवस.”