सोनाजींचा चढा सॅक्सोफोन

चैत्राच्या भर दुपारी डोक्यावरून गोधडी घेऊन बसणारा माणूस आखाडा बाळापुरात एकच होता. पत्र्याच्या खोलीत मांडी घालून सोनाजी बसले होते, आणि गोधडीच्या आत त्यांच्या मांडीवर होता सॅक्सोफोन. त्याच्या नळीत त्यांनी दिव्यांची माळ सोडली होती, गणपतीत लावतात तसली. सगळ्या चाव्या दाबून धरायच्या आणि अंधारात बघायचं, कुठल्या झाकणाच्या कडेनं उजेड झिरपतो. जिथून उजेड झिरपतो तिथून वाराही झिरपतो, आणि वारा झिरपला की सूर मरतो.

उजेड कुठूनच झिरपत नव्हता. त्याचाच त्यांना राग आला होता.

"सापडलं का भोक?" दारात ज्वारी निवडत बसलेल्या मालनबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग निघा की भाईर. उकडून मराल."

"भोक न्हाई, तर मग ह्यो असा काहून वाजून राहिला?"

"त्यालाच इचारा. माझ्यापरीस तुमी त्याच्याशीच जास्ती बोलता."

सोनाजींनी गोधडी फेकली. घामानं बनियन अंगाला चिकटलं होतं. बाजा त्यांनी भिंतीला टेकवला नाही, खाली पोत्यावर नीट आडवा ठेवला. कितीही राग आला तरी हात बाजाशी रागावत नसत.

लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचं आणि उरलेलं वर्ष बाजे दुरुस्त करायचे, हे सोनाजींचं आयुष्य. सेनगावपासून वसमतपर्यंतचे बँडवाले आपली क्लॅरिनेटं, सॅक्सोफोन फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे आणत. बाजाचं एकेक झाकण आतून गादीसारखं असतं. त्या गादीसाठी सोनाजी बकरीचं पातळ कातडं वापरत, आत जुन्या कोटाची लोकर भरत, आणि गादी झाकणात बसवायला बांगडीवाल्याकडची लाख. चावी परत वर उचलणारी तार तुटली तर शिवणाची सुई घ्यायची, तिचं एक टोक दिव्यावर तापवून चेपायचं आणि तारेच्या जागी ठोकायची. मालनबाईंच्या डबीतल्या सुया अशा दर महिन्याला कमी होत. "माझी गोधडी अर्धी राहती, आन कुणाचं तरी लगीन सुरात लागतं," असं त्या म्हणत.

हा सॅक्सोफोन मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. हिंगोलीच्या उस्ताद प्रेमसिंगनी तो सोनाजींना दिला होता, त्यांचा स्वतःचा दम पुरेनासा झाल्यावर. कुठल्या तरी जुन्या पलटणीच्या बँडातून तो उस्तादांकडे आला होता. वरचा चांदीचा मुलामा बोटांच्या जागी झिजून पितळ उघडं पडलेलं. कर्ण्यावर वेलबुट्टी कोरलेली, आणि त्या वेलीला आलेलं फूल इकडच्या कुठल्या झाडाचं नव्हतं. चाव्यांवर शिंपल्याच्या चकत्या होत्या. एक चकती हरवली तिथं सोनाजींनी सदऱ्याचं बटन बसवलं होतं. खर्जाची दोन झाकणं आताच्या बाजांना उजवीकडे असतात, याला डावीकडे. नवख्याचा सदरा हमखास त्यात अडकायचा. मधला रे घसा बसल्यासारखा यायचा, तिथं ओठ जरा सैल सोडावा लागे. पावसाळ्यात एक चावी चिकटायची, तिला पावडर लावावी लागे. या सगळ्या खोडी सोनाजींना ठाऊक होत्या. माणसाला घरातल्या माणसाच्या असतात तशा.

तीस वर्षं तो बाजा बँडात पुढं चालला. मग दोन वर्षांपूर्वी बँडमालक विजयकुमारनं हातगाडीवर कीबोर्ड आणला, त्याच्यामागे स्पीकर आणि जनरेटर. पाठोपाठ जुनी क्लॅरिनेटं आणि ट्रम्पेटं भंगारात देऊन नवी घेतली. नवं सगळं कीबोर्डाशी जुळलं. सोनाजींचा बाजा जुळेना. तो वाजला की पायाखाली खडा आल्यासारखं व्हायचं. आधी लोकांनी लक्ष दिलं नाही. मग औंढ्याचं मोठं लग्न ठरलं, तेव्हा तालमीत विजयकुमारनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"काका, तुमचा बाजा बराबर न्हाई."

"गादी फुगली असंल. करतो."

"दोन साल झाले करूनच राहिले तुमी." विजयकुमार कीबोर्डावर बसलेल्या धम्मदीपकडे वळला. "अरे, त्यो सॅक्सोफोनचा आवाज हाय ना ह्यात? दाब बरं."

धम्मदीप तिशीचा, दिवसा झेरॉक्सचं दुकान चालवायचा. त्यानं नाइलाजानं बटन दाबलं आणि दोन ओळी वाजवल्या. सॅक्सोफोन. सुरात, गुळगुळीत.

"घ्या!" ढोलवाला खेमा म्हणाला. "कातडं नको, लाख नको. काकूच्या सुया वाचल्या."

सगळे हसले. विजयकुमारही हसला, पण पुढं बोलला ते हसत बोलला नाही. "औंढ्याच्या लग्नापर्यंत बराबर करा, काका. न्हाई झालं तर मी बटन वाजवीन. मला पार्टीला तोंड दाखवायचं हाय."

त्या दिवसापासून सोनाजींना दुसरं काही सुचेना. बटनाच्या जागी आपला बाजा राहिला पाहिजे, एवढंच. गाद्या सगळ्या बदलल्या. सुया बदलल्या. दिव्याची माळ सोडून सोडून नळीची तपासणी केली. तोंडाचा भाग बाहेर ओढला की बाजाचा सूर खाली उतरतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून ओढला, मागं दोरा गुंडाळून पार कडेपर्यंत ओढला. खालचे सूर कीबोर्डाजवळ आले आणि वरचे वाट फुटेल तिकडं पळाले. परत आत ढकलला.

मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. एकेका भोकाच्या आतल्या कडेला मेणाची चंद्रकोर लावायची. भोक लहान झालं की सूर थोडा खाली येतो. मोबाइलवर कीबोर्डाचा आवाज भरून घेतला होता, तो लावायचा, एक सूर ऐकायचा, मेण लावायचं, फुंकायचं. ग जमला. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा तापला आणि मेण वितळून गादीला चिकटलं.

सोनाजींनी मग गळके नळ बुजवायचं एमसील आणलं. ते वितळत नव्हतं. चार भोकांत भरून झालं तेव्हा ते चार सूर कीबोर्डाला चिकटून बसले, आणि त्यांच्या शेजारचे सूर आता आधीपेक्षा जास्त खुपू लागले. एकाला बसवावं तर दुसरा उठायचा. कातडं दाताखाली धरून सोनाजी तासन्‌तास बाजावर वाकून बसत. मालनबाई ताट ठेवून जात आणि ताट तसंच परत नेत.

"बाजाला झालं तरी काय?" एकदा त्यांनी हळूच विचारलं.

"त्याला न्हाई, माझ्या हाताला झालंय," सोनाजी म्हणाले. "हात गेला माझा."

धम्मदीप आला तो एका रविवारी, मोबाइल घेऊन. बटन त्यानं दाबलं होतं याची त्याला तेव्हापासून टोचणी होती.

"काका, ह्याच्यात सूर मोजायचं हाय. काटा मधी आला की बराबर. उजवीकडं गेला की चढा."

"मशीननंच घालवलं मला. आता मशीनच मोजणार व्हय?"

"एक डाव फुका तरी."

सोनाजींनी फुंकलं, रागानंच. सा. काटा उजवीकडे गेला आणि थांबला. रे. काटा तिथंच. धम्मदीपच्या कपाळावर आठी आली. त्यानं पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं, वर जा, खाली या. मग मोबाइल मांडीवर ठेवला.

"काका, बाजा बेसूर न्हाई."

"थट्टा करू नको."

"थट्टा न्हाई. समदे सूर एकाच मापानं चढे हायत. एकमेकांशी बराबर हायत. त्यो त्याच्या जाग्यावर हाय, आपला कीबोर्ड खाली हाय. फक्त चारच सूर इकडं-तिकडं होऊन राहिले."

"कोणते चार?"

धम्मदीपनं ते सांगितले. सोनाजी ऐकत असताना त्यांचा अंगठा आपोआप एकेका झाकणावर गेला. ज्यांच्या आत एमसील होतं तीच चार.

त्यांनी बाजा पोत्यावर ठेवला. मग उठले आणि हिंगोलीच्या गुलाबचंदला फोन लावला. गुलाबचंदचं वाद्यांचं दुकान. कातडं, लोकर, सगळं सोनाजी त्याच्याकडूनच आणत. त्याला सगळं सांगितलं तर तो फोनवर हसायलाच लागला.

"अरे सोनाजी, पलटन का पुराना बाजा है वो. उस टाइम सब का सुर चढ़ा रहता था. नली ही छोटी बनाते थे. तेरे चमड़ा बदलने से नली लंबी होगी क्या?"

"पहिले काहून न्हाई सांगितलं, शेठ?"

"तूने पूछा कब? तू तो आता था, चमड़ा माँगता था, चला जाता था."

सोनाजींनी फोन ठेवला. कुणावर रागवावं हे त्यांना कळेना. ज्यांनी तो बाजा बनवला ते कुठल्या मुलखातले, केव्हाचे. त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं. जुनी क्लॅरिनेटं त्याच पलटणीच्या मालातली होती म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. सगळा बँड मिळून चढा होता आणि त्याला कुणी चढा म्हटलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ते ब्लेडनं एमसील खरवडत होते. लावताना ते बोटानं चेपलं की झालं होतं, काढताना पितळच सोलल्यासारखं वाटायचं. दोन भोकांच्या कडांना ओरखडे पडले ते पडलेच.

तोवर धम्मदीपनं शोधून काढलं की कीबोर्डाचे सगळे सूर एकदम वर चढवता येतात. त्यानं कीबोर्ड ऑटोत घालून सोनाजींच्या अंगणात आणला, घरातून वायर ओढली, सुराचा आकडा बदलला आणि सा धरला. सोनाजींनी बाजा तोंडाला लावला.

खडा नव्हता. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कोणता कुठं संपतो ते कळेना. मालनबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. सोनाजी वाजवत राहिले. मधल्या रे वर ओठ सैल सोडला, आणि तो घोगरा सूरही आपल्या जागेवर येऊन बसला. वाजवून झाल्यावर ते कुणाकडं न बघता म्हणाले, "हात हाय अजून."

विजयकुमारला दुसऱ्या दिवशी तालमीत ऐकवलं. कीबोर्ड आणि सोनाजी वाजले तोवर त्यानं मान डोलवली. मग बाकीच्यांना हात केला. नवी क्लॅरिनेटं, नवी ट्रम्पेटं वाजली आणि खडा परत आला, आता सगळीकडून. त्या बाजांची तोंडं पार आत ढकलून पाहिली. तेवढं वर कुणालाच येता येईना.

"काका," विजयकुमार म्हणाला, "एका बाजासाठी मी दहा बाजे बदलू का?"

"पहिले समदे इथंच होते की."

"पहिले."

त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता. त्यामुळं भांडताही येईना. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "औंढ्याला तुमी झांज घ्या. कोट तुमच्या मापाचा हाय, मोकळा काहून ठेवायचा? लाइनीत माणसं कमी दिसली की पार्टी कुरकूर करती."

घरी मालनबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं भांडं आपटलं. "झांज? तीस साल पुढं चाललेला माणूस झांज बडवणार? जाऊ नका."

"मग बसू घरी? गोधडी घेऊन?"

"बसा."

"तू एक म्हंतीस, बस. बाजा एक म्हंतो, चढ. इजयकुमार म्हंतो, उतर." सोनाजींचा आवाज चढला. "माझं कुणी ऐकून राहिलं का?"

लग्नाच्या दिवशी ते गेले. औंढ्याला ऊन उतरणीला लागलं होतं. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघाली. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी. सोनाजी कीबोर्डाच्या हातगाडीशेजारी तिसऱ्या ओळीत होते, हातात झांज. पुढची त्यांची जागा कुणाला दिली नव्हती. ती नुसतीच भरून गेली होती.

धम्मदीपनं बटन दाबलं. तीस वर्षं सोनाजी जे गाणं घेत होते तेच. सोनाजींनी झांज वाजवली, बोटं गप्प ठेवली. पण छाती त्यांचं ऐकेना. ओळ सुरू झाली तसा त्यांनी श्वास घेतला आणि धरला. ओळ संपायची तिथं कीबोर्डवरचा सॅक्सोफोन थांबला नाही. तो पुढच्या ओळीत शिरला, तिथून पुढच्या. त्याला फुप्फुसं नव्हती. सोनाजींचा दम तसाच अडकून राहिला. डोळ्यांपुढं ठिपके आले, लाल कोटांची रांग हलली, आणि ते गाडीचा दांडा धरून वाकले.

"काका! काय झालं?" खेमानं ढोल थांबवला.

सोनाजींनी मोठा श्वास आत ओढला. तोंड लाल झालं होतं. त्यांनी धम्मदीपकडं बघितलं, आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"आरं, दम घे की! माणूस वाजवून राहिलाय का भूत? दोन ओळी झाल्या, अजून दम न्हाई घेतला तू!"

वऱ्हाडी हसले. विजयकुमार पुढून हातवारे करत होता, चला, चला. मिरवणूक सुरू झाली. धम्मदीपनं पुन्हा वाजवायला घेतलं, आणि पहिली ओळ संपताना त्यानं बोटं उचलली. कणभरच. त्या कणात सोनाजींच्या छातीत वारा शिरला.

"उशीर केलास," सोनाजी त्याच्या कानाशी ओरडले. "जरा अलीकडं उचल."

पुढच्या ओळीला त्यानं अलीकडं उचललं. सोनाजींनी मान हलवली नाही. झांज जोरात आपटली आणि ते चालत राहिले, देवळापर्यंत, प्रत्येक ओळीला त्याच्या बोटांकडं रागानं बघत.