तिसऱ्या बाकावरची पितळी पाटी

चर्चमधल्या तिसऱ्या बाकावर आजोबांच्या नावाची पितळी पाटी होती. दर शनिवारी मी ती चिंचेने घासायचो. परवाच्या रविवारी त्या बाकावर एक अनोळखी म्हातारी येऊन बसली होती.

"आजी, ही आमच्या घरची जागा आहे. तुम्ही मागे बसा."

"बरं बाबा, मी नवीन आहे," म्हणत ती काठी टेकत मागे गेली. चार माणसांच्या बाकावर मी एकटाच ऐसपैस बसलो.

पाळकसाहेबांनी दहा आज्ञा वाचल्या. मूर्ती करून पुजू नको, या आज्ञेला मी जोरात मान डोलावली. आजोबांनी घरातले देव सोडले, याचा आम्हाला केवढा ताठा! मग प्रार्थनेला हात जोडले, तर बोटांना चिंचेचा वास. आजोबांची आईही पितळी देव चिंचेनेच घासायची म्हणे. देव गेले, चिंच तेवढी राहिली.

उपासना संपल्यावर मी स्क्रू काढून पाटी घरी आणली. सुटलो एकदाचा, असं वाटलं. कपाटात ती उभी राहीना, म्हणून तिथलं बायबल जरा बाजूला सरकवलं.

आता छान दिसते.