चुन्यावरची कविता आणि न मागितलेली रजा

अक्का, मी निघालो त्या दिवशी अण्णा कराडच्या स्टेशनवर जेमतेम दहा मिनिटं थांबले, आठवतं ना तुला? चुन्याची भट्टी पेटलेली होती, आणि पेटलेली भट्टी दुसऱ्याच्या भरवशावर सोडून ते स्वतःच्या लग्नालाही गेले नसते. भुवयांवरची पांढरी धूळसुद्धा पुसली नव्हती. गाडी हलायच्या आधीच म्हणाले, "बरं, चलतो मी. दगड जास्त भाजला तर सगळा घाणा वाया जाईल." मुलगा जर्मनीला चाललाय आणि यांना दगडाची पडलीय, म्हणून मी थेट मुंबईपर्यंत धुसफुसत होतो.

छप्पन साल होतं. चुनेवाल्याचा पोर बोटीने साता समुद्रापार जाऊन चुन्यावरच डॉक्टरेट करणार, याची गावाने यथेच्छ थट्टा केली होती. चुना लावायलाच शिकायचं तर गावात काय गुरू कमी आहेत, असं म्हणत. तेव्हा हसायची ताकद होती. आता या हॅम्बर्गच्या पावसात बारा वर्षं काढल्यावर पत्र लिहायलासुद्धा दोन-दोन रविवार लागतात, आणि हे पत्र तर मी नऊ वर्षं टाळलंय.

तू अजून माझ्या प्रोफेसरांना शिव्या घालतेस. बाप आजारी असताना ज्याने पोराला घरी सोडलं नाही, तो मेला कसला गुरू, असं मागच्याच पत्रात लिहिलंस. अक्का, त्यांनी रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती.

काय झालं ते सांगतो. माझा प्रबंध लिहून झाला होता. मार्चच्या बोटीचं तिकीटही आलं होतं. वेगवेगळ्या आचेवर भाजलेला चुना पाण्यात किती वेळात विरतो, म्हणजे फुटून त्याचं पीठ होतं, हे मी वर्षभर मोजत होतो. इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं की भाजलेले नमुने काचेच्या बरणीत ठेवून तोंड मेणाने बंद करायचं. मी मनात म्हटलं, मला चुना शिकवता काय? आपल्याकडे उन्हाळाभर पोत्यात पडून असतो, काही होत नाही. म्हणून मी नमुने कागदी पिशव्यांत भरून फळीवर ओळीने मांडले. कराडच्या उन्हातलं शहाणपण मी इथल्या एल्बे नदीकाठच्या ओल्या हवेत चालवलं.

फेब्रुवारीत सहज एक जुनी पिशवी उघडली, तर आत दगड नव्हताच, पीठ होतं. हवेतलं पाणी पिऊन चुना आपोआप विरला होता. म्हणजे वर्षभराचे माझे आकडे आचेचे नव्हते, पिशवी किती दिवस फळीवर होती त्याचे होते. प्रबंधातले आकडे कुणी पुन्हा मोजून बघणार नव्हतं. पिशव्या टाकून दिल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं: अण्णांचा दम वाढलाय, भट्टी बंद केली, तुझी वाट बघतात.

माझ्या शेजारच्या टेबलावर लिन नावाचा चिनी संशोधक काम करायचा. वयाने माझ्याहून मोठा. देश सोडून इतकी वर्षं झाली होती की परत जायचा विषयही काढत नसे. पिशव्या बघून त्याला सगळं कळलं. त्याने एक फिल्टर पेपर घेतला आणि त्यावर शाईने त्यांच्या अक्षरांत एक कविता लिहिली. कित्येक शतकांपूर्वीची, म्हणाला, आणि चुन्यावर आहे. त्याच्या आणि माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमधून मला समजलं ते एवढंच की दगड भट्टीचे हाल सोसतो, पण आपला स्वच्छपणा सोडत नाही. माणसाने तसं असावं, असं त्यांच्या शाळेत मुलांकडून घोकून घेतात.

मला त्याचा रागच आला. ह्याचं काय जातंय कविता लिहायला! पण दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांपुढे पिशव्या ठेवल्या. त्यांनी एकेक पिशवी उघडून पाहिली. मग म्हणाले, "आल्झो, तर मग, पुन्हा पहिल्यापासून." म्हणजे आणखी एक वर्ष. बोटीचं भाडं पाहता मधे घरी जाऊन परत येणं आम्हा परदेशी विद्यार्थ्यांपैकी कुणालाच शक्य नव्हतं, तरी अडचण सांगितली असती तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती. मला तोंड उघडायची लाज वाटली. आणि तुम्हाला लिहिलं, प्रोफेसर सोडत नाहीत. अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी नव्या चुन्याच्या बरण्यांना मेण लावत होतो.

आता याच इन्स्टिट्यूटमध्ये मी नोकरीला आहे. पुण्या-मुंबईहून नवी मुलं आली की त्यांना माझी गोष्ट सांगतात: या माणसाने स्वतःची चूक कबूल करून वर्षभराचं काम फेकून दिलं. मुलं आदराने बघतात आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं. त्या कवितेतला चुना स्वतः जळतो, अक्का. मी खरं बोललो ते परक्यांशी, आणि वाट बघत जळले ते अण्णा. वर घरच्यांशी खोटं बोललो.

इथे जागा आहे, पगार आहे, सचोटीचा माणूस म्हणून नावही आहे. पण घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, माझं खोटं जिथे कुणाच्या तरी जिव्हारी लागतं ते. अण्णा होते तोवर अशी माणसं दोन होती. आता तू एकटी उरलीस. तेव्हा चीड, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण प्रोफेसरांना नको, मला घाल. आणि पत्र पाठव.