चिंचोक्यांवर लावलेली रजा

भिकाजी परब भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पन्नाशी उलटली तरी परांचीवर माकडासारखा चढायचा. उंचीला तो भ्यायचा नाही. भ्यायचा तो स्वतःच्या हातांना.

ते हात कितीतरी वर्षं गोव्यात एका लहानशा कॅसिनोच्या पत्त्यांच्या खोलीत पोकर वाटत होते. हौशी गिऱ्हाइकं, किरकोळ पैशांचे डाव; तोंड लपवावं असं त्यात काही नव्हतं. पानं वाटून झाली, की एक हलकी टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की हातात काही दडवलेलं नाही. ती खोली बंद पडली. ओमानला पाठवणाऱ्या एजंटानं बजावलं, "कॅसिनोचं नाव काढलंस तर पहिल्या विमानानं परत." एजंटांचं काय, ते काहीही बजावतात. भिकाजीनं मात्र ते काळजात कोरून घेतलं. ओमानमधल्या दुक्मच्या बांधकाम-कॅम्पात त्यानं सगळ्यांना सांगितलं, हॉटेलात भाजी चिरायचो.

यंदा घराण्याचा गणपती त्याच्या घरी यायचा होता. भाऊ चार, घरं चार, पाळी चार वर्षांनी. मागची पाळी मीराबाईनं, त्याच्या बायकोनं, एकटीनं निभावली होती. या वेळी ती फोनवर एवढंच म्हणाली, "तुमी येवा नायतर येव नकात, मखर मी करतंय." असं म्हणणारी बाई किती वाट बघते, ते भिकाजीला कळत होतं.

फोरमननं टोळीतल्या एकालाच रजा देऊ केली. "यल्ला, चलो, आपस में देख लो," म्हणून मोकळा झाला. मागणारे तिघे: भिकाजी, त्याच्याच वयाचा प्रशांत आणि नुकतंच लग्न झालेला साई. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर विषय संपला असता. पण प्रशांत मोबाइलवर पोकर खेळून शहाणा झालेला. "चिठ्ठीत डोक्याचा काय काम?" म्हणाला. पैसे लावायची कुणाचीच छाती नव्हती, म्हणून मेसमधल्या चिंचेचे चिंचोके धुऊन वाटून घेतले. सगळे चिंचोके ज्याच्याकडे, रजा त्याची. साइटवरचा तरुण इंजिनिअर धम्मदीप नागपूरचा. त्याला ही रजा नको होती, म्हणून पंच तो, आणि पानं वाटणाराही तोच.

शुक्रवारी दुपारी धम्मदीपच्या खोलीत पडदे ओढून डाव बसला. भिकाजीच्या पाठीला एसीच्या गारव्यातही घाम. या देशात जुगाराला बंदी. दार उघडून कोणी आत आलं तर चिंचोके म्हणजे पैसे नव्हेत हे त्याला कोण समजावणार? शिवाय हात. पानं तो मुद्दाम बोटांत अडकवून धरत होता, मधूनच एखादं खाली पाडत होता.

"धरूक तरी शिक," प्रशांत हसला. "भाजयेची जुडी आसा काय ती?"

पण डाव कधी सोडायचा हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. भिकाजीचा ढीग वाढत गेला. साईसमोर मूठभर उरले, प्रशांतचं हसू आटलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. कॅम्पचा मुकादम सुफियान.

"तुम्ही वाटून ठेवा," धम्मदीप पुटपुटला आणि बाहेर जाऊन त्यानं दार ओढून घेतलं. बाहेरून आवाज आला, "अंदर क्या चल रहा है, इंजिनिअर साब?"

साईनं पत्त्यांचा गठ्ठा भिकाजीकडे सरकवला. "काका, तुमीच वाटा. माका जमाचा नाय."

भिकाजीचे कान दाराशी, डोळे दाराशी. हात तेवढे एकटे पडले, आणि एकटे पडलेले हात जुन्या वाटेनं निघाले. गठ्ठा फुलला, मिटला. पानं घसरत जाऊन ज्याच्या त्याच्या पुढ्यात दोन-दोन थांबली. मग हलकी टाळी. मग तळवे, वर छताकडे.

सुफियानला वाटेला लावून परतलेला धम्मदीप दारातच थबकला. "काका, हे मी गोव्यात पाहिलंय. कॉलेजात असताना गेलो होतो."

प्रशांतनं पानं पालथीच भिरकावली. "हाटेलात भाजी चिरी होतस मां? आमका फसयलंस."

"मी माझी पानां बघूक सुद्धा नाय," भिकाजी कसाबसा म्हणाला. "दुसऱ्या कोणी वाटूक हरकत नाय."

"त्यांनी चोरलं काय?" धम्मदीप म्हणाला. "मी परत वाटतो."

"वाट की," प्रशांत म्हणाला. "सुफियान लांब गेलो नसतलो. तेका हाक मारतंय आणि सांगतंय, आमच्यात कॅसिनोवालो आसा."

साई मान खाली घालून चिंचोके चाचपत राहिला. भिकाजीनं आपला ढीग दोन्ही हातांनी प्रशांतपुढे लोटला.

"खलास. प्रशांतच जाऊ दे."

संध्याकाळी धम्मदीपनं त्याला परोपरीनं समजावलं, की गोव्यातल्या जुन्या नोकरीसाठी इथे कोणी कुणाला विमानात बसवत नाही. भिकाजीनं सगळं ऐकलं, "बरोबर" म्हणाला आणि पुढेही तसाच भीत राहिला.

चतुर्थीला मुलीनं, तृप्तीनं, फोन मखरासमोर उभा केला. आरतीला भिकाजीनं खोलीतूनच टाळ्यांनी ठेका धरला. आरती संपली, टाळी थांबली, आणि तळवे आपसूक उलटे झाले, सुलटे झाले, फोनसमोर पसरले.

"बाबा, काय दाखवताय?" तृप्तीनं विचारलं.

"काय नाय गो," तो म्हणाला, हात मांडीखाली दाबले आणि वळून दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती.